२८० अंश: मागच्या बाकावरून विचारलेले प्रश्न

होकायंत्रावर शून्य म्हणजे उत्तर, ९० म्हणजे पूर्व, १८० म्हणजे दक्षिण आणि २७० म्हणजे पश्चिम. मग २८० कुठे येतं? पश्चिमेलाच, फक्त उत्तरेकडे थोडंसं कललेलं.

१९८२च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या संरक्षण खात्याचे राज्यमंत्री पीटर ब्लेकर यांनी एका लेखी प्रश्नाच्या उत्तरात हा आकडा दिला. २ मे १९८२ रोजी, दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात झालेल्या युद्धात, ब्रिटिश पाणबुडी 'कॉन्करर'ने अर्जेंटिनाची 'जनरल बेल्ग्रानो' ही युद्धनौका बुडवली होती आणि ३२३ माणसं मेली होती. टॉर्पेडो लागला तेव्हा बेल्ग्रानोची दिशा कोणती होती, एवढाच प्रश्न होता. ब्रिटिश आरमार तिच्या ईशान्येला होतं आणि अर्जेंटिनाचा किनारा पश्चिमेला. म्हणजे २८० अंशांवर चाललेली बोट ब्रिटिश आरमाराकडे पाठ करून चालली होती. त्याआधी सहा महिने सरकार सांगत आलं होतं की ती आपल्या ताफ्याच्या अंगावर येत होती.

हा प्रश्न विचारणारे खासदार म्हणजे टॅम डिएल. इंग्रजीत हे नाव लिहिताना अधली दोन-तीन अक्षरं जास्तीची लिहितात, पण म्हणतात 'डी-एल'. स्कॉटलंडमधल्या वेस्ट लोदियन मतदारसंघातून १९६२च्या पोटनिवडणुकीत ते मजूर पक्षाच्या तिकिटावर निवडून आले आणि २००५ पर्यंत, म्हणजे सलग ४३ वर्षं, खासदार राहिले. मंत्रिपद कधीही मिळालं नाही. मागच्या बाकावरच्या खासदाराचं सभागृहातलं बोलणं नेमकं काय काम करतं हे समजून घ्यायचं असेल, तर मला त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं दिसत नाही.

आधी ही 'मागच्या बाका'ची भानगड. लंडनच्या कनिष्ठ सभागृहात, हाउस ऑफ कॉमन्समध्ये, हिरव्या गादीची बाकं समोरासमोर लावलेली असतात. एका बाजूच्या पहिल्या रांगेत मंत्री बसतात, समोरच्या पहिल्या रांगेत विरोधी पक्षाने नेमलेले एकेका खात्याचे प्रवक्ते. बाकी सगळे मागे. आज सदस्य ६५० आहेत आणि बसायला जागा ४२७, त्यामुळे महत्त्वाच्या दिवशी कित्येकांना उभंच राहावं लागतं. मागच्यांना म्हणतात बॅकबेंचर. तो सत्ताधारी पक्षाचाही असू शकतो आणि विरोधी पक्षाचाही. त्याच्याकडे खातं नसतं, सचिव नसतात, फायली नसतात. सभागृहात काय चर्चेला यावं हे बहुतांशी सरकार ठरवतं, मत कुठे द्यायचं हे पक्षाचा व्हिप सांगतो. डिएल काही काळ विज्ञान विषयाचे प्रवक्ते म्हणून पुढे बसले होते. फॉकलंड युद्धाबाबत पक्षाची भूमिका सोडून ते युद्धाच्या विरोधात उभे राहिले, म्हणून १९८२ साली त्यांचं ते पद गेलं आणि ते पुन्हा मागे आले.

आता अशा माणसाच्या हातात उरतं काय? मुख्यतः प्रश्न.

आपल्याकडे लोकसभेत आणि विधिमंडळात तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, उपप्रश्न हे शब्द रोज कानावर पडतात. ही सगळी रीत आली वेस्टमिन्स्टरहूनच, म्हणजे लंडनच्या संसदेतून. तिकडेही प्रश्न दोन तऱ्हेचे, तोंडी उत्तराचे आणि लेखी उत्तराचे. तोंडी प्रश्न आधी लिहून द्यावा लागतो, कुणाचे घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरतं. मंत्री खात्याने लिहून दिलेलं उत्तर वाचतो. मग सदस्याला एक उपप्रश्न मिळतो आणि तो आधी कळवलेला नसतो. मंत्र्याला घाम फुटतो तो इथे. लेखी प्रश्नात असा थरार नसतो. प्रश्न खात्याकडे जातो, तिथले अधिकारी उत्तराचा मसुदा करतात, मंत्र्याच्या नावाने ते छापून येतं, संपलं. वर्तमानपत्रं बहुतेक वेळा तिकडे बघतही नाहीत.

पण लेखी उत्तराला एक वजन असतं. ते हॅन्सार्डमध्ये, म्हणजे सभागृहाच्या अधिकृत इतिवृत्तात, कायमचं नोंदलं जातं. सभागृहाला जाणूनबुजून चुकीची माहिती देणं हा तिथे मंत्र्याचा फार मोठा दोष मानला जातो. त्यामुळे अधिकारी प्रत्येक शब्द तोलून लिहितात. उत्तर टाळतील, गोल गोल लिहितील, 'सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही' म्हणतील, पण धडधडीत खोटा आकडा लिहायला कचरतील. डिएलनी हे ओळखलं होतं. त्यांचा प्रश्न लहान असे आणि त्यात एकच गोष्ट विचारलेली असे. 'सरकारने बेल्ग्रानोबद्दल सत्य सांगावं' असा प्रश्न टाकला की उत्तरात भाषण मिळतं. 'अमुक क्षणी दिशा किती अंश होती' असं विचारलं की आकडा द्यावा लागतो किंवा का देत नाही ते सांगावं लागतं. माझ्या मते सगळी कला या फरकात आहे.

ही सवय जुनी होती. १९६७ साली हिंदी महासागरातल्या अल्दाब्रा या प्रवाळबेटावर विमानतळ बांधायचा ब्रिटिश संरक्षण खात्याचा बेत होता. तिथे राक्षसी कासवं राहतात, समुद्रपक्ष्यांच्या वसाहती आहेत. शास्त्रज्ञांनी विरोध केला आणि त्यांचं म्हणणं डिएलनी लेखी प्रश्नांतून सभागृहात नेलं: पक्षी किती, धावपट्टी कुठून जाणार, खर्च किती, कुणाचा सल्ला घेतला. सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. त्या वर्षी नोव्हेंबरात पौंडाचं अवमूल्यन झालं, खर्चाला कात्री लागली आणि बेत बारगळला. पैशाची टंचाई नसती तर नुसत्या प्रश्नांनी तो थांबला असता असं मी म्हणणार नाही. पण कात्री चालवायची वेळ आली तेव्हा या बेताची बाजू लंगडी झालेली होती, आणि त्यात त्या प्रश्नांचा वाटा होता. अल्दाब्रा आज सेशेल्स देशात आहे आणि १९८२ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

आता बेल्ग्रानोकडे परत येऊ, कारण तिथे ही रीत अगदी जवळून बघता येते.

४ मे १९८२ला संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी सभागृहात निवेदन केलं. त्यांनी सांगितलं की २ मेला लंडनच्या घड्याळाप्रमाणे रात्री ८ वाजता आपल्या पाणबुडीला बेल्ग्रानो आणि तिच्यासोबतच्या दोन विनाशिका आढळल्या. हा गट ब्रिटनने फॉकलंड बेटांभोवती बंदी घातलेल्या सागरी क्षेत्राच्या जवळ होता, आपल्या ताफ्याच्या दिशेने येत होता आणि ताफा काही तासांच्याच अंतरावर होता. युद्ध चालू असताना कोण उलटतपासणी घेणार? त्याच दिवशी अर्जेंटिनाने 'शेफील्ड' या ब्रिटिश विनाशिकेवर क्षेपणास्त्र डागलं, त्यात २० जण गेले. देशाचं लक्ष तिकडे होतं, आणि ते स्वाभाविकच होतं.

जुलैमध्ये कॉन्करर स्कॉटलंडच्या तळावर परतली. तिचे कप्तान वार्ताहरांशी बोलताना म्हणून गेले की आम्ही तीस तासांहून जास्त वेळ बेल्ग्रानोच्या मागावर होतो. डिएलनी ते वाचलं. तीस तास मागावर असाल तर २ मेच्या रात्री ८ वाजता 'आढळली' हे कसं? मग त्यांनी निवेदनाचे तुकडे पाडले आणि एकेका तुकड्यावर प्रश्न टाकायला सुरुवात केली. पहिल्यांदा दिसली कधी? हुकूम कधी सुटला, कुणी सोडला? अंतर किती होतं? दिशा कोणती होती?

ब्लेकर यांच्या ज्या उत्तरात २८० आलं, त्याची घडण बघण्यासारखी आहे. आधी येतं की २ मेला दिवसभर बेल्ग्रानो आणि तिच्या सोबतच्या बोटींनी अनेकदा दिशा बदलली. त्यानंतर येतं की टॉर्पेडो लागला त्या क्षणी तिची दिशा २८० अंश होती. पहिलं वाक्य म्हणजे गादी. आकडा आपटला तरी आवाज होऊ नये म्हणून आधी अंथरलेली. प्रश्नात 'त्या क्षणी' हे शब्द नसते, तर उत्तर बहुधा त्या गादीवरच थांबलं असतं.

पुढच्या मे महिन्यात, १९८३च्या निवडणुकीच्या धामधुमीत, बीबीसीच्या थेट कार्यक्रमात प्रेक्षकांना पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना प्रश्न विचारायची संधी होती. एका शिक्षिकेने विचारलं की बोट फॉकलंडपासून दूर चालली असताना ती का बुडवली? थॅचर म्हणाल्या, ती दूर चाललेली नव्हती. शिक्षिका मागे हटली नाही. तिने थेट २८० अंश हा आकडा सांगितला. मला या सगळ्या प्रकरणातला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. मागच्या बाकावरच्या खासदाराने काढलेला एक रुक्ष आकडा सहा महिन्यांनी एका सामान्य नागरिकाच्या हाती होता, आणि त्याच्या आधारावर ती देशाच्या पंतप्रधानांशी बरोबरीने बोलत होती.

एप्रिल १९८४मध्ये थॅचर यांनी मजूर पक्षाच्या संरक्षण प्रवक्त्यांना लिहिलेल्या पत्रात मान्य केलं की बेल्ग्रानो १ मेलाच आढळली होती. नॉट यांच्या निवेदनातला पहिला तुकडाही गळाला.

दुसरी बाजूही तेवढ्याच ठामपणे सांगायला हवी. आरमाराचं म्हणणं होतं की दिशेला फारसा अर्थ नाही, युद्धनौका केव्हाही वळू शकते आणि त्या क्षणी ती धोकादायकच होती. बेल्ग्रानोचे कप्तान हेक्टर बोन्सो यांनीही नंतर म्हटलं की हल्ला युद्धाच्या नियमांत बसणारा होता. डिएल यांचा खरा आरोप त्याहून मोठा होता. पेरू देशाने मांडलेली शांततेची योजना हाणून पाडण्यासाठी बोट बुडवली, असं ते सांगत. हे कधीच सिद्ध झालं नाही. ते तथ्यांबाबत बरोबर ठरले आणि हेतूबाबत त्यांना पुरावा देता आला नाही, असं माझं मत आहे. पण तथ्यं बाहेर आली म्हणून तर हेतूवर वाद घालता आला.

हे सगळं बोलायला ते धजले कसे? १६८९च्या हक्कांच्या सनदेत एक कलम आहे: संसदेतल्या भाषणावर आणि चर्चेवर कुठल्याही न्यायालयात प्रश्न उठवता येणार नाही. आपल्या राज्यघटनेतल्या खासदारांसाठीच्या १०५व्या आणि आमदारांसाठीच्या १९४व्या कलमाचं मूळ तिथेच आहे. हे संरक्षण न्यायालयापासून आहे, सभागृहापासून नाही. एखाद्या सदस्याला 'खोटारडा' म्हणणं असंसदीय. अध्यक्ष शब्द मागे घ्यायला सांगतात. नाही घेतला तर सदस्याचं नाव पुकारलं जातं आणि निलंबन होतं: पहिल्या वेळी पाच दिवस, त्याच अधिवेशनात दुसऱ्या वेळी वीस दिवस. डिएलनी थॅचर यांच्याबद्दल हा शब्द वापरला आणि एकाहून अधिक वेळा बाहेर गेले. सभागृहाची शिक्षा त्यांना नवी नव्हती. १९६८मध्ये पोर्टन डाऊनच्या रासायनिक-जैविक शस्त्रसंशोधन केंद्राबद्दलचे समितीचे अप्रकाशित कागद वार्ताहराला दिल्याबद्दल हक्कभंग ठरला होता, आणि सभागृहाच्या दारापाशी उभं राहून अध्यक्षांची समज ऐकून घ्यावी लागली होती.

आणखी एक साधन म्हणजे दिवसाच्या शेवटचा अर्धा तास. कामकाज संपताना एका सदस्याला एक विषय मांडता येतो आणि त्या खात्याच्या मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं. मतदान नसतं. रात्र झालेली असते, बाकं रिकामी असतात. आपल्याकडची अर्धा तास चर्चा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते वातावरण माहीत असेल. डिएल तोही वापरत. रिकाम्या सभागृहातला शब्दही हॅन्सार्डमध्ये भरलेल्या सभागृहाच्या शब्दाइतकाच छापला जातो.

मार्च १९८४मध्ये त्यांनी संरक्षणमंत्री मायकेल हेझल्टाइन यांना बेल्ग्रानोवर नवे प्रश्न पाठवले. खात्यात या प्रकरणाची फाइल सांभाळणारे अधिकारी होते क्लाइव्ह पाँटिंग. त्यांनी खरं उत्तर द्यावं असा मसुदा केला. तो गेला नाही, माहिती गोपनीय म्हणून नाकारायचं ठरलं. जुलैमध्ये पाँटिंग यांनी दोन कागद एका पाकिटात घालून निनावी डिएल यांच्याकडे पाठवले. डिएलनी ते परराष्ट्र व्यवहार समितीच्या अध्यक्षांकडे दिले, अध्यक्षांनी संरक्षण खात्याकडे परत केले आणि पाँटिंग सापडले. कागद समितीकडे देणं संसदीय रीतीला धरून होतं, पण त्याची किंमत दुसऱ्याच माणसाला मोजावी लागली.

१९११च्या गोपनीयता कायद्याखाली खटला उभा राहिला. देशहितासाठी ज्याला सांगणं कर्तव्य आहे अशा व्यक्तीला माहिती दिली तर गुन्हा नाही, अशी सूट त्या कायद्यात होती. पाँटिंग म्हणाले, खासदार ही तीच व्यक्ती. न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की देशहित म्हणजे त्या वेळचं सरकार ठरवील ते. ज्युरीतल्या बारा नागरिकांनी ते ऐकलं आणि ११ फेब्रुवारी १९८५ रोजी पाँटिंग यांना निर्दोष सोडलं. सरकारने १९८९च्या नव्या कायद्यात ती पळवाट बंद केली. खासदाराला कागद दिला हा बचाव आता तिथे चालत नाही.

आतापर्यंत मी माहिती काढणाऱ्या प्रश्नांबद्दल बोललो. डिएल यांचा सर्वांत गाजलेला प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा. त्याला उत्तर मिळावं म्हणून तो विचारलेला नव्हता. उत्तर नाही हे दिसावं म्हणून विचारला होता.

१४ नोव्हेंबर १९७७. मजूर पक्षाच्या सरकारने स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा देणारं विधेयक आणलं होतं. डिएल स्वतः स्कॉटिश, पक्ष त्यांचाच, तरी त्यांचा विरोध. त्यांनी विचारलं: स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे ११९ खासदार इंग्लंडच्या राजकारणावर परिणाम करतात, कित्येकदा निर्णायक, पण त्याच विषयांत स्वतःच्या प्रदेशाबद्दल त्यांना काही बोलता येणार नाही. हे इंग्लंडचे मतदारसंघ किती दिवस सहन करतील?

हे अवघड वाटलं तर त्यांनीच दिलेलं उदाहरण घ्या. ब्लॅकबर्न नावाची दोन गावं आहेत. एक इंग्लंडमधल्या लँकेशायरात, दुसरं डिएल यांच्या वेस्ट लोदियनमध्ये. विधेयक झाल्यावर आरोग्य, शिक्षण असे विषय स्कॉटलंडच्या विधानसभेकडे जाणार. मग स्वतःच्या मतदारांच्या ब्लॅकबर्नबद्दल डिएल यांना लंडनमध्ये मत देता येणार नाही, पण जिथल्या एकाही माणसाने त्यांना निवडून दिलेलं नाही त्या लँकेशायरच्या ब्लॅकबर्नबद्दल देता येईल.

भारतात हा पेच का येत नाही? कारण आपल्याकडे प्रत्येक राज्याला विधानसभा आहे आणि राज्यसूचीतले विषय तिच्याकडे आहेत. महाराष्ट्रातल्या दवाखान्याचा कायदा तामिळनाडूचा खासदार करत नाही. ब्रिटनमध्ये इंग्लंडला वेगळी विधानसभाच नाही. लंडनची संसद हीच संपूर्ण देशाची लोकसभा आणि तीच इंग्लंडची विधानसभा. एकाच खोलीत दोन सभा भरतात, पण बसणारी माणसं तीच.

डिएल हा मुद्दा पुन्हापुन्हा मांडत राहिले तेव्हा उत्तर आयर्लंडचे खासदार इनॉक पॉवेल म्हणाले की वेस्ट लोदियनच्या सदस्यांना काय म्हणायचंय ते आता उमगलं, याला 'वेस्ट लोदियन प्रश्न' म्हणू या. नाव चिकटलं. माणसाचं न चिकटता मतदारसंघाचं का चिकटलं? कारण त्या सभागृहात सदस्याचं नाव घ्यायचं नसतं, अमुक मतदारसंघाचे सन्माननीय सदस्य असंच म्हणायचं असतं.

विधेयक मंजूर झालं, पण मागच्या बाकावरच्या दुसऱ्या एका खासदाराने, जॉर्ज कनिंगहॅम यांनी, त्यात दुरुस्ती घुसवली: सार्वमतात एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी 'हो' म्हणायला हवं. १ मार्च १९७९च्या सार्वमतात पडलेल्या मतांपैकी ५१.६ टक्के होकार आले, पण एकूण मतदारांच्या हिशेबात ते ३२.९ टक्केच भरले. योजना पडली. चिडलेल्या स्कॉटिश राष्ट्रवाद्यांनी साथ सोडली आणि २८ मार्चला पंतप्रधान कॅलहन यांचं मजूर सरकार ३११ विरुद्ध ३१०, एका मताने कोसळलं.

स्कॉटलंडला संसद मिळाली ती १९९९ साली, आणि डिएलनी सांगितलेली अडचण कागदावरून प्रत्यक्षात आली. २७ जानेवारी २००४ रोजी इंग्लंडमधल्या विद्यापीठांची फी वाढवणारं विधेयक ३१६ विरुद्ध ३११, म्हणजे पाच मतांनी तरलं. स्कॉटलंडमधल्या मजूर खासदारांनी पाठिंबा दिला नसता तर ते पडलं असतं. त्या खासदारांच्या मतदारांच्या मुलांना स्कॉटलंडमध्ये ती फी लागू नव्हती. २०१५ साली उपाय म्हणून नियम आला: फक्त इंग्लंडपुरत्या कायद्याला इंग्लंडच्या खासदारांचीही वेगळी संमती लागेल. तो किचकट ठरला, २०२१मध्ये रद्द झाला.

डिएल २००५मध्ये निवृत्त झाले तेव्हा सर्वांत दीर्घ सलग सेवेमुळे ते 'सभागृहाचे ज्येष्ठ' होते. त्याआधी दोन वर्षं इराक युद्धावरून ते आपल्याच पक्षाच्या टोनी ब्लेअर यांच्या मागे लागलेले होते. जानेवारी २०१७मध्ये ते गेले. हॅन्सार्ड आता इंटरनेटवर फुकट वाचता येतं. तारीख टाकली की त्यांचे प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं जशीच्या तशी समोर येतात. आणि वेस्ट लोदियनमधल्या ब्लॅकबर्नचा खासदार आजही लंडनमध्ये आपल्या गावच्या दवाखान्यावर मत देऊ शकत नाही, लँकेशायरच्या ब्लॅकबर्नच्या दवाखान्यावर देऊ शकतो.